वहिनीचं भाषण, काठीचा आवाज

"पहिलं वाक्य?"

"सन्माननीय व्यासपीठ, आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

"हात?"

"एक मागे, एकात माईक."

"नजर?"

"मागच्या भिंतीवर, लोकांच्या डोक्यांच्या वर."

"आणि श्वास?"

"श्वास घ्यायला सवड कुठे देताय, वन्सं? कुकरची शिट्टी बरी, ती निदान मध्ये थांबते."

वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होती. माईक म्हणजे हातातला डाव. डावाला आमटी लागलेली, आणि ती मनगटावरून कोपराकडे निघालेली. वन्सं, म्हणजे तिची नणंद, शाळेत शिक्षिका. वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं तयार करण्यात तिचा हातखंडा. ढालींनी भरलेलं कपाट तिच्या शाळेत आहे आणि त्या कपाटाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ आहे.

"डाव तोंडाजवळ धर. अजून जवळ. माईक लांब गेला की शब्द हवेत विरतात, वहिनी. माईक असा, ओठांना टेकल्यासारखा."

"आमटी नाकात जातेय."

"तिथे आमटी नसणार."

"तिथे तुम्हीही नसाल तर बरं," वहिनी म्हणाली. स्वतःशी पुटपुटायच्या बेताने म्हणाली, पण वहिनीचं पुटपुटणं जिन्यापर्यंत ऐकू जातं. तिला बिल्डिंगमध्ये सगळे 'भोंगा' म्हणतात. तोंडावर नाही, पण तोंडावर म्हटलं तरी तिला ऐकू आलं असतंच असं नाही.

कारण वहिनी माग चालवते. एक माग म्हणजे रागारागाने दार आपटणारा एक माणूस. अशी शंभरेक माणसं एका पत्र्याच्या छपराखाली कोंडा आणि त्यांना सकाळपासून दार आपटायला लावा, म्हणजे वहिनीचं खातं तयार. तिथे आवाज काढून बोलणं म्हणजे पुरात तांब्याभर पाणी ओतणं. म्हणून तिथे कुणी आवाज काढतच नाही. तिथे ओठांनी बोलतात. प्रत्येक शब्द तोंडभर मोठा करायचा, गाल, भुवया, हात सगळे कामाला लावायचे, आणि आवाज मात्र शून्य. नवीन माणसाला वाटतं, वेड्यांच्या इस्पितळात आलो. महिन्याभरात तोही तसाच तोंड वेंगाडायला लागतो.

या भाषेत भांडणं होतात, लग्नं ठरतात, पदार्थ कसा फसला ते कळतं. आणि वहिनीचं तर अर्धं आयुष्य मधल्या वाटेपलीकडे उभ्या असलेल्या काठीशी बोलण्यात गेलं. काठी म्हणजे तिची मैत्रीण, अंगाने अशी की वाऱ्यात उभी राहिली तर कपडे वाळत घातलेत असं वाटावं. मागांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये रुंद वाट. मान वर केली की समोर काठी. इकडे वहिनी तुटलेला धागा सांधता सांधता विचारणार, "काल काय झालं?" तिकडून काठी भुवया उडवून सगळं सांगणार. सासू, जाऊ, दिराचं नवीन दुकान, काही शिल्लक राहत नसे.

आता साहेबांना ती मधली वाट नको झाली होती. तिथे नव्या मागांची एक रांग बसवायची. नवे माग पुरुषभर उंच. पलीकडचं माणूस तर सोडाच, पलीकडची भिंतसुद्धा दिसली नसती. त्याच्या बदल्यात साहेबांनी गाजर दाखवलं होतं, शनिवारी दुपारनंतर सुट्टी. निर्णय कामगारांनी घ्यायचा. कँटीनमध्ये सभा, बाजूने एक जण बोलणार, विरोधात एक जण बोलणार, मग हात वर.

बाजूने बोलणार होते युनियनचे चिटणीस. विरोधात कोण, असं विचारल्यावर सगळे मूग गिळून बसले. तेव्हा वहिनी तिरमिरीत म्हणाली, "मी बोलते!" आणि सगळ्यांनी इतक्या पटकन टाळ्या वाजवल्या की शब्द मागे घ्यायला जागाच उरली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तेव्हापासून घरात उंटावरच्या शहाण्यांचा तळ पडला होता.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान. तिथल्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण भाषणकलेत पारंगत निघाला. नवरा रोज एकेक सल्ला पिशवीत घालून घरी आणायचा.

"आज ते पोस्टातले म्हणाले, सुरुवातीला एक विनोद टाकायचा. लोक हसले की निम्मं काम झालं."

"कोणता विनोद?"

"ते नाही सांगितलं. दाढी चालू होती."

दुसऱ्या दिवशी, "आकडे दे म्हणाले. आकड्यांनी वजन येतं." तिसऱ्या दिवशी, "गोळीवाले डॉक्टर म्हणाले, समोर सगळे दगड बसलेत असं समजायचं. भीती जाते."

"आधीच निम्मे बहिरे, आता दगडही करू का त्यांना?" वहिनी कडाडली. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

पण खरा ताप वन्संचा. वन्संनी भाषण लिहूनही आणलं होतं. त्यात माणूस अंगाला साल गुंडाळायचा तिथपासून सुरुवात होती. सुताची महती होती, श्रमाची महती होती, एका ठिकाणी आकाशाचं वस्त्र होतं. साहेबांचं नाव निघायच्या आत वहिनीला दोनदा तहान लागायची.

"वन्सं, यात मधली वाट कुठे आहे?"

"येते ना. आधी वातावरणनिर्मिती."

"वातावरण तयार होईपर्यंत पाळी संपेल."

तेव्हा वन्संनीही डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर आपटला. तिचीही सहनशक्ती संपली होती. "बरं. मग माझं राहू दे. तू सांग. सभेतून घरी जाताना लोकांनी काय घेऊन जायचं? तुला नेमकं काय हवंय? एका वाक्यात."

वहिनीने तोंड उघडलं. "म्हणजे असं बघा, ती वाट पहिल्यापासून आहे, आणि मुकादम काही तिथे फिरकत नाही, पंख्याची हवा तिथूनच येते, नळाकडे जायचं तरी तिथूनच, आणि एकदा ते माल ठेवणार होते तेव्हाही आम्ही..."

"हे वाक्य नाही, वहिनी. ही रहदारी आहे."

"एका वाक्यात सांगता आलं असतं तर भाषण कशाला केलं असतं?"

"एका वाक्यात सांगता येत नाही, त्याचं भाषणच करू नये."

दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवली. नवरा दारात उभा होता, आजचा सल्ला पिशवीत घेऊन. त्याने तो तसाच परत दुकानात नेला.

वहिनीचा खरा जीव मात्र वेगळीकडेच जळत होता. खात्यात तिने काठीला विचारलं होतं. ओठांनी, वाटेपलीकडून. "माझ्या बाजूने ना?"

काठीने मागाकडे पाहिलं. मग वर पाहून ओठ हलवले, "मी शनिवारच्या बाजूने."

"काय?"

"शनिवार. पोरीकडे जाता येईल."

काठीची मुलगी शिकायला मामाकडे. गाव लांब. रविवारी पहाटे निघालं तर पोचेपर्यंत परतायची वेळ. शनिवारी दुपारी सुटलं, तर एक रात्र पोरीजवळ. वहिनीला हे सगळं ठाऊक होतं. मुलीचं पहिलं पत्र, तिची पहिली परीक्षा, तिचं रडणं, सगळं तिने याच वाटेपलीकडून काठीच्या ओठांवर वाचलं होतं. म्हणून तर तिला जास्त चीड आली.

"अगं, मग आपण बोलणार कशा?"

"जेवायच्या सुट्टीत."

"जेवायच्या सुट्टीत तू जेवतेस!"

काठीने खांदे उडवले आणि मागाच्या धोट्याकडे वळली. वहिनी पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखी बघत राहिली.

सभेच्या दिवशी कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे मागवाले, मागे कांडी खात्यातली तरुण मुलं-मुली. कांडी खातं म्हणजे जिथे सूत कांड्यांवर गुंडाळतात. तिथे आवाज बेताचा, त्यामुळे त्यांचे कान शाबूत आणि ओठ वाचायची त्यांना कधी गरज पडलेली नाही. घरच्यांनाही यायची मुभा होती. वन्सं आणि नवरा अगदी मागे, दाराशी उभे. पहिल्या रांगेत साहेब, पायावर पाय टाकून.

चिटणीस आधी बोलले. खरं तर त्यांनी बोलायची गरजच नव्हती. त्यांनी मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहून ठेवला होता: शनिवार. ते काय बोलले ते पुढच्या निम्म्या लोकांना ऐकू आलं नसणार, पण फळा सगळ्यांना दिसत होता. टाळ्या कडकडल्या.

मग वहिनी.

तिने माईक उचलला, ओठांना टेकवला. एक हात मागे. नजर भिंतीवर, घड्याळाच्या किंचित वर. "सन्माननीय व्यासपीठ..."

पुढच्या रांगांतून चुळबुळ सुरू झाली. वहिनी माणसाच्या अंगावरच्या सालीपर्यंत पोचली तेव्हा चुळबुळीचा गलका झाला होता. नजर भिंतीवर असल्याने तिला कारण दिसेना. घाबरून तिने माईक आणखी जवळ घेतला. दातांवर आपटला. भोंग्यातून 'खट्ट' असा आवाज आला.

"माईक खाली घे!" कुणीतरी पुढून ओरडलं. "तोंड दिसत नाही!"

तोंड दिसत नाही! इतकी वर्षं ज्यांच्याशी ती ओठांनी बोलली, ज्यांचे कान तिच्याच कानांसारखे मागांनी खाल्लेले, त्यांच्यासमोर ती तोंडावर झाकण लावून बोलत होती. वन्संना एकवेळ ठाऊक नसेल, पण हिला? स्वयंपाकघरात डाव तोंडासमोर धरताना हिची अक्कल कुठे गेली होती?

तिने माईक टेबलावर ठेवला. समोर ओळखीचे चेहरे दिसले आणि तोंड आपोआप मोठं झालं, हात आपोआप मोकळे झाले. "ऐका, मी म्हणते..." पुढचे सगळे सावरून बसले.

"आवाज!" मागून कांडी खातं ओरडलं. "ऐकू येत नाही! माईक घ्या!"

वहिनीने माईक घेतला.

"माईक खाली!"

वहिनीने माईक ठेवला.

"आवाज!"

"अरे, काय डोकं फिरवताय माझं?" ती किंचाळली. हे मात्र दोन्हीकडे पोचलं. लोक हसले. नवऱ्याला वाटलं, पोस्टातल्यांचा विनोद लागू पडला. त्याने मागून अंगठा दाखवला.

माईक न घेता मोठ्याने बोलावं, तर ते तिला जमेना. एरवी भोंगा म्हणवणारी बाई, पण या चेहऱ्यांकडे बघून तोंड मोठं केलं की घसा आपोआप बंद व्हायचा. इतक्या वर्षांची सवय. घशातून आवाज काढायला गेली की ओठ मिटून जायचे. ओठ उघडले की आवाज मिटायचा. दोन्ही एकदम होईनात. साहेबांनी घड्याळात पाहिलं. चिटणीस अर्धवट उठले, वहिनीला खाली बसवायचं असल्यासारखे.

दाराशी वन्सं टाचा उंचावून उभी होती. दोन्ही हात तोंडाभोवती. शाळेतल्या बाईचं तोंड ते, मोठं आणि स्वच्छ. वहिनीने सभागृहापलीकडून वाचलं: काय. हवंय. तुला.

"मेलीला आत्ताही तेच," वहिनीच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की काय हवंय.

तिने तिसऱ्या रांगेतल्या काठीकडे बोट केलं. माईककडे केलं. मग ओठांनी म्हणाली, "तू बोल. मी सांगते ते."

काठीने मान हलवली. नाही.

"ये ना गं."

"मी तुझ्या बाजूने नाही," काठीचे ओठ.

"माहीतेय. तरी ये."

आता पुढच्या रांगांतल्या सगळ्यांनी हे वाचलं होतं. सगळ्यांची तोंडं काठीकडे वळली. मागच्यांना काही कळलं नाही, पण सगळे वळले म्हणून तेही वळले. काठी चरफडत उठली, माईक घेऊन खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. वहिनीचं तोंड नीट दिसावं म्हणून तिने मधल्या दोघांना बाजूला सारलं. साहेबांना म्हणाली, "जरा मान तिकडे."

साहेबांनी मान तिकडे केली.

वहिनीने ओठ हलवले. काठीने माईकमध्ये सांगितलं, किराणा मालाचे भाव सांगावेत तशा सपाट आवाजात. "ही म्हणते, तिला आपली तोंडं दिसायला हवीत. एवढंच. तिला दुसरं काही नको."

"माझं तोंड बघून काय मिळणार वहिनीला?" एक जण ओरडला.

वहिनीने उत्तर दिलं. काठी म्हणाली, "ही म्हणते, तुझं बघून पश्चात्ताप मिळतो, पण तरी हवंय."

हशा पिकला. काठी हसली नाही. "पुढे ही म्हणते, नव्या रांगेआड आपण एकेकटे उभे राहू. दिवसभर. समोर लोखंड. मला हे पटत नाही, जेवायची सुट्टी असेल ना, तेव्हा बोलू की... हे मी म्हणते, ही नाही."

"तू तुझं बोलू नकोस!" वहिनीने ओठांनी दटावलं.

"ही म्हणते, मी माझं बोलू नये."

मग वहिनी काठीकडेच वळली. हात खाली गेले. पुढचं बोलताना तिने तोंड फार मोठं केलं नाही. काठी तिच्याकडे बघत राहिली आणि माईक गप्प झाला.

"काय म्हणाली?" मागून आवाज आला. "पुढचे ऐकतायत, आम्हाला पण सांगा!"

पुढच्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी वाचलं होतं.

"ही म्हणते..." काठीने घसा खाकरला. "ही म्हणते, माझी बाही चाकात गेली होती. मला कळलंच नव्हतं. मी धागा सांधत होते. समोरून मैत्रिणीने, म्हणजे मी, तोंड केलं, 'बाही!' वहिनीने हात ओढून घेतला. बाही खांद्यापासून गेली, हात राहिला." तिने वहिनीच्या खांद्याकडे पाहिलं. "आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मुकादम ओरडला असता." मग म्हणाली, "हे दोघींचं आहे. यात माझं काही वेगळं नाही."

वहिनीला वाटलं होतं शेवटी काहीतरी जोरदार म्हणावं. वन्संच्या कागदावर शेवटाला आकाशाचं वस्त्र होतं. त्याऐवजी तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून पिऊन टाकला आणि जागेवर जाऊन बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळलं नाही.

चिटणिसांनी हात वर करायला सांगितले. आधी नव्या रांगेच्या बाजूने. बरेच हात वर गेले. कांडी खात्यातले जवळजवळ सगळे, आणि मागवाल्यांतलेही काही. वहिनीने मोजायला सुरुवात केली आणि काठीवर येऊन थांबली. काठीच्या एका हातात अजून माईक होता. दुसरा हात सरळ वर. कोपर ताठ, बोटं जुळलेली, शाळेतल्या पोरीसारखी.

मग विरोधात. मागवाल्यांचे हात वर गेले. पुढच्या रांगा भरल्या, मधल्या भरल्या, मागे कांडी खात्यातली दोन-तीन पोरंही इकडे-तिकडे बघत हात वर करती झाली. चिटणिसांनी मोजलं, पुन्हा मोजलं, तोंड वाकडं केलं. वाट राहिली. थोडक्यात राहिली, पण राहिली. आणि फळ्यावरचा शनिवार त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला.

दाराशी वन्संनी वहिनीचा दंड धरला. "माझा एक शब्द घेतला नाहीस!"

"घेतला की. 'हवंय'. तेवढा एकच."

"आणि हात मागे नाही, नजर वर नाही, शेवट तर नाहीच..."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "आता जर श्वास म्हणालात ना..."

नवरा मध्ये पडला. घरी चला म्हणाला. वहिनीने काठीला शोधलं, पण काठी माईक टेबलावर ठेवून केव्हाच बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली. माग धडधडायला लागले. वहिनीने मान वर केली. वाटेपलीकडे काठी मागावर वाकलेली. वहिनी थांबली. पुन्हा मान वर केली. काठीची पाठ. एवढी झटून राखलेली वाट मोकळी होती, रुंद होती, मध्ये एक खोकासुद्धा नव्हता, आणि पलीकडे ही बया मागाच्या चौकटीत डोकं खुपसून बसलेली! वहिनीने हात हलवला. फडकं हलवलं. शेजारच्या मागावरच्या बाईने ओठांनी सांगितलं, "ती बघत नाहीये तुझ्याकडे." 

"दिसतंय मला!" वहिनी ओठांनीच खेकसली.

जेवायच्या सुट्टीतही काठी जेवली आणि उठली.

दुपार कलली तेव्हा वहिनीच्या मागावर धागा तुटला. तिने माग थांबवला, टोकं शोधली, गाठ मारली. मान वर केली तर काठी उभी. सरळ तिच्याकडे बघत. ओठ सावकाश हलले, एकेक अक्षर सुटं, वाचण्यात जराही चूक होऊ नये असे.

"माझा शनिवार खाल्लास."

वहिनीने तोंड उघडलं. अगं, मी तुला आधीच म्हटलं होतं. अगं, साहेबांना भेटू, सुट्टी मागू, वाट न देता मागू. अगं, तो हात तुझ्यामुळे राहिला म्हणून तर. काय काय तोंडापर्यंत आलं. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. सभेत निदान सगळे ओरडत तरी होते.

काठीने मागाला हात लावला नाही. ती तशीच उभी राहिली, उत्तर वाचायला.